इंजिन बंद, चिल्का सुरू!

पावसाळ्यात सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर, उन्हाळ्यात जेमतेम ९००. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे चिल्का सरोवर दरवर्षी असे फुगते आणि आकसते. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यात चिल्कात जवळजवळ दोन मुंबई मावतील. पुरी, खुर्दा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत हे पाणी पसरले आहे. एवढा पसारा, पण खोली? सर्वांत खोल जागीही चार मीटरच्या आसपास. बऱ्याच भागांत तर माणूस उभा राहील एवढेच पाणी. शाळेच्या भूगोलात ज्याचे नाव आपण पाठ केले, ते हे खारकच्छ प्रत्यक्ष पाहायला निघणार असाल, तर या गोष्टी गाठीला असू द्या.

एकच सरोवर, पाणी तीन चवींचे

उत्तरेच्या टोकाला चिल्काचे पाणी जवळजवळ गोडे असते, मधल्या भागात मचूळ आणि समुद्राकडच्या बाजूला खारट. उत्तरेकडून दया, भार्गवी अशा महानदीच्या शाखा येऊन मिळतात, पश्चिमेकडच्या डोंगरांतून ओढे उतरतात. लहानमोठे सगळे प्रवाह धरले तर संख्या पन्नासच्या वर जाते. पूर्वेकडून समुद्र आत येतो. पावसाळ्यात नद्यांची सरशी, उन्हाळ्यात समुद्राची. त्यामुळे एका टोकाला देवनळ आणि पाणकणसांचे रान, तर दुसऱ्या टोकाला खेकडे, कोळंबी आणि पाण्याखाली सागरी गवताची कुरणे.

यातली दया नदी धौलीच्या पायथ्याशी वाहते. धौली म्हणजे सम्राट अशोकाचे शिलालेख जिथे आहेत ती टेकडी. भुवनेश्वरहून चिल्काकडे जाणाऱ्यांनी वाटेत तिथे तासभर थांबावे. शिलालेख पाहावेत, आणि खाली जी नदी दिसते तिचे पाणी कुठे चालले आहे हे लक्षात ठेवावे.

२३ सप्टेंबर २०००

चिल्काच्या चरित्रातली ही सर्वांत मोठी तारीख. त्याआधीची काही दशके सरोवर गुदमरत होते. नद्यांचा गाळ साचत होता आणि समुद्राशी जोडणारा अरुंद, वाकडातिकडा मार्ग वाळूने बुजत चालला होता. खारे पाणी आत येईना, तशी पाणवनस्पती बेसुमार वाढली. समुद्रातून आत येणारी मासळीची पिल्ले वाटेतच अडली. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातून सर्वांत आधी गेलेल्या दोन जागांपैकी चिल्का एक, दुसरी भरतपूरची केवलादेव. साल होते १९८१. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत, १९९३ साली, चिल्काला धोक्यातल्या रामसर स्थळांच्या वेगळ्या नोंदीत टाकावे लागले.

उपाय अभ्यासाअंती ठरला. वाळूच्या पट्टीला सिपाकुदा येथे नवे मुख पाडायचे. २३ सप्टेंबर २००० रोजी ते उघडले आणि समुद्राचा रस्ता तब्बल १८ किलोमीटरनी कमी झाला. खारे पाणी भरतीबरोबर पुन्हा आत खेळू लागले. १९९९–२००० साली मासळीचे उत्पादन सुमारे १,७०० टनांवर घसरले होते, ते दोन वर्षांत सुमारे १२,००० टनांवर गेले. २००२ साली चिल्का धोक्याच्या नोंदीतून बाहेर आले. आशियात असे बाहेर पडणारे ते पहिलेच स्थळ. त्याच वर्षी चिल्का विकास प्राधिकरणाला रामसरचा संवर्धन पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे तळी, नद्या, खाड्या मरताना आपण पाहत आलो आहोत. एवढे मोठे पाणी मरणाच्या दारातून परत आल्याचे उदाहरण म्हणून तरी चिल्का प्रत्येकाने एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते. आणि हे काम कायमचे झाले असेही नाही. वाळू सरकतच असते, मुखे सरकतात. २०१९ च्या फनी चक्रीवादळाने तर आणखी मुखे फोडली.

चोच नसलेला डॉल्फिन

सातपाडा हे पुरीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे गाव. इथल्या धक्क्यावरून डॉल्फिन पाहायला होड्या सुटतात. मात्र टीव्हीवर दिसणारा, उसळ्या मारणारा, लांब चोचीचा डॉल्फिन मनात धरून जाऊ नका. चिल्कातला इरावदी डॉल्फिन वेगळाच. डोके गोल गरगरीत, चोच नाही, पाठीवरचा पर छोटासा. तो हवेत क्वचितच झेपावतो. करड्या पाठीची एक कमान पाण्यावर येते, श्वासाचा फुसकारा ऐकू येतो आणि संपले. पुढचे दर्शन कुठल्या दिशेला होईल, याचा अंदाज बांधत बसायचे.

काही गमती त्याच्याही. बहुतेक डॉल्फिनांची मान ताठ असते. याला मात्र डोके बरेच वळवता येते. मासे एका जागी हाकून आणण्यासाठी तो तोंडातून पाण्याच्या पिचकाऱ्या सोडतो. त्याचा सर्वांत जवळचा नातलग ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर राहतो, आणि ती वेगळी जात आहे हे २००५ साली कुठे निश्चित झाले. नाव म्यानमारच्या इरावदी नदीचे मिळाले असले, तरी शास्त्राला हा प्राणी पहिल्यांदा माहीत झाला तो आपल्या विशाखापट्टणमच्या बंदरात १८५२ साली सापडलेल्या नमुन्यावरून. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे वर्णन १८६६ साली प्रसिद्ध केले.

चिल्कातली त्यांची संख्या दीडशेच्या आसपास. कानाला कमी वाटेल, पण थायलंडच्या सोंगखला सरोवरात याच जातीचे जेमतेम बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. चिल्कात कोळंबीसाठी जाळी-बांबू रोवून पाणी अडवणाऱ्या बेकायदा घेरी मोठ्या प्रमाणावर हटवल्यावर डॉल्फिन दक्षिणेकडच्या रंभाच्या बाजूलाही दिसू लागले. पाण्यातली कुंपणे गेली आणि त्यांनी जुना मुलूख परत घेतला.

आता मुद्द्याचे. डॉल्फिन आवाजावर जगतो. गढूळ पाण्यात तो वाट काढतो आणि शिकार शोधतो ती स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून. अशा पाण्यात दहा मोटारबोटी एकाच डॉल्फिनमागे धावू लागल्या की त्याचे काय होत असेल? पंख्याच्या पात्यांनी डॉल्फिन जखमी होतात, मरतातही. बोटवाल्याला दोष देणे सोपे आहे. पण "अजून जवळ घ्या ना, फोटो नीट येत नाही" हा आग्रह होडीत बसलेल्या माणसांचा असतो. म्हणून होडी ठरवतानाच सांगा: दादा, पाठलाग नको. लांब थांबा, इंजिन बंद करा, डॉल्फिन दिसो न दिसो, पैसे पूर्ण देऊ. माझे मत विचाराल तर इंजिन बंद झाल्यावरच चिल्का खऱ्या अर्थाने दिसू लागते. पाण्याची चुळबुळ, दूरवरच्या बदकांचा कलकलाट आणि मधेच येणारा डॉल्फिनचा श्वास, हे सगळे आधी कानाने पाहायचे असते.

मंगलाजोडी: जिथे इंजिन लागतच नाही

चिल्काच्या उत्तर काठावर, टांगीजवळ, भुवनेश्वरपासून सत्तर-एक किलोमीटरवर मंगलाजोडी नावाचे गाव आहे. इथल्या दलदलीत होडी बांबूने रेटत नेतात. पाणी गुडघ्या-मांडीएवढे, दोन्ही बाजूंना देवनळाच्या उंच भिंती आणि मधून पाण्याच्या गल्ल्या. होडी चपटी, आवाज फक्त बांबू चिखलातून निघताना होणारा. हिवाळ्यातल्या सकाळी या गल्ल्यांत शिरलात की पक्षी हातभर अंतरावर येतात, कारण त्यांना माणसाची भीती उरलेली नाही.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. एके काळी याच गावात पक्ष्यांची शिकार हा धंदा होता. पक्षी मारून, अंडी गोळा करून विकली जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'वाइल्ड ओडिशा' या संस्थेच्या लोकांनी शिकाऱ्यांशीच बोलणे सुरू केले. त्यातून श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली आणि जे पक्षी मारत तेच राखणदार झाले. कुठला पक्षी कुठे बसतो, केव्हा उठतो, कशाला दचकतो हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतेच. ते आता वाटाड्याच्या कामी आले. २०१८ साली मंगलाजोडी इकोटुरिझम ट्रस्टला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला.

इथला वाटाड्या दुर्बीण हातात देतो आणि पक्ष्यांची नावे इंग्रजीत धडाधड सांगतो. आपण मराठीत ओळख पटवत जायची: जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, मोर शराटी, चक्रवाक, थापट्या बदक, कवड्या खंड्या. काळ्या शेपटीच्या गॉडविटचे थवे तर हजारांनी उठतात. कमळपक्षी पाहून ठेवा. त्याच्या घरात अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही सगळी कामे नराची. मादी अंडी घालून दुसऱ्या संसाराला मोकळी.

होडीतून उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. गावाकडून दलदलीत जाणाऱ्या मातीच्या बांधावरून पायी चाला. दोन्ही बाजूंना पाणी, वर घारी आणि वाटेत निरीक्षण मनोरा. चिल्कातली ही सर्वांत सुंदर पायवाट, असे मी बेधडक म्हणेन.

दहा लाखांची वस्ती

दर जानेवारीत चिल्कातल्या पक्ष्यांची मोजणी होते. अलीकडच्या वर्षांत आकडा दहा लाखांच्या पुढेच राहिला आहे. पाहुणे येतात ते सायबेरियाच्या बैकल सरोवराकडून, कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून, मंगोलियातून आणि लडाखमधूनही.

पट्टकादंब हंस त्यातला अव्वल प्रवासी. हिमालय ओलांडताना तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी केली आहे. हा आपल्या ओळखीचाच. उजनीच्या पाण्यावर भिगवणला आणि जायकवाडीलाही तो हिवाळी मुक्कामाला असतो. रोहित पक्ष्यांची ओळख तर ठाण्याच्या खाडीने मुंबईकरांना करून दिलीच आहे. त्यांचा गुलाबी रंग जन्माचा नसतो, खाण्यातून चढतो.

पक्ष्यांची राजधानी म्हणजे नलबन. सरोवराच्या मध्यावरचे १५.५३ चौरस किलोमीटरचे हे बेट पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की वर येते. त्या चिखलावर पक्षी लाखांनी उतरतात. पर्यटकांना बेटावर पाय ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रात्रपाळीचे रहिवासी

चिल्काचा मानाचा दूत कोण? डॉल्फिन नव्हे, मांजर! मासे पकडणारे रानमांजर, इंग्रजीतली फिशिंग कॅट. हे घरच्या मांजरापेक्षा बरेच मोठे, अंगावर ठिपके, बोटांमध्ये अर्धवट पडदा आणि पाण्यात सूर मारायची मुळीच भीती नाही. २०२० साली चिल्का विकास प्राधिकरणाने त्याला दूत म्हणून जाहीर केले. त्यानंतर स्वयंचलित कॅमेरे लावून, गावकऱ्यांच्या मदतीने मोजणी झाली. २०२२ मध्ये आकडा जाहीर झाला: १७६. संरक्षित जंगलाबाहेर झालेली या प्राण्याची ही जगातली पहिलीच मोजणी. ज्या देवनळातून तुमची होडी सकाळी जाते, तिथेच रात्री त्याची शिकार चालते. दिसण्याची शक्यता फार कमी. पण ओल्या चिखलावर पंजा उमटलेला दिसला तर वाटाड्याला विचारा.

रात्रीचा दुसरा रहिवासी पाळीव आहे. चिल्काची म्हैस ही नोंदणीकृत जात. संध्याकाळी कळप पाण्यात शिरतो, रात्रभर मचूळ पाण्यातल्या वनस्पती चरतो आणि सकाळी गोठ्याकडे परततो. खारट चाऱ्यावर जगणारी ही म्हैस. तिच्या दुधाचे दही बरेच दिवस टिकते असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. मिळाले तर जरूर खा.

आणि तिसरा रहिवासी जमिनीखालचा. बारकुदा बेटावर बिनपायांची सापसुरळी सापडली. वाळूत, झाडांच्या मुळांशी राहणारी ही सापसुरळी गांडूळ समजून कुणीही दुर्लक्ष करील. नेल्सन अॅनंडेल यांनी १९१७ साली तिचे वर्णन केले आणि तिच्या वंशाला बेटाचेच नाव दिले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक ते हेच.

बेटांच्या गोष्टी

कालिजाई बेटावर देवीचे मंदिर आहे. जाई नावाच्या नववधूची होडी सासरी जाताना वादळात उलटली, ती बुडाली आणि पुढे देवी होऊन नावाड्यांची राखण करू लागली, अशी कथा काठावरच्या प्रत्येक गावात सांगतात. आपण तिळगूळ वाटत असतो त्या मकरसंक्रांतीला इथे मोठी जत्रा भरते आणि सरोवर होड्यांनी फुलून जाते. मच्छीमार आजही कालिजाईला स्मरल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. उथळ असले तरी या पाण्यावर वारा बघता बघता उठतो, हे त्या कथेतले व्यवहारज्ञान. लाइफ जॅकेट घालाच.

रंभाच्या बाजूला ब्रेकफास्ट आयलंड आहे. खल्लिकोटच्या राजाने बांधलेल्या छोट्या बंगल्याचे अवशेष तिथे दिसतात. जवळच बीकन आयलंडच्या खडकावर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या स्नॉडग्रास नावाच्या साहेबाने दिव्याचा मनोरा उभारला. दोन्ही बेटे एका फेरीत होतात.

ज्या वाळूवरून मराठेशाही गेली

चिल्का आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूची लांब, अरुंद पट्टी आहे. तिच्याशी आपला थेट संबंध आहे, आणि मराठी प्रवाशांपैकी फार थोड्यांना तो माहीत असतो. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि अर्धशतक त्यांच्याकडे राहिले. सप्टेंबर १८०३ मध्ये हार्कोर्टच्या हाताखाली इंग्रजी फौज गंजामहून निघाली ती याच वाटेने, एका हाताला सरोवर आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून. माणिकपाटण पडले, १८ तारखेला पुरी इंग्रजांच्या हाती गेली. डिसेंबरमध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक प्रांत सोडला.

माणिकपाटण त्याआधी शतकानुशतके बंदर होते. तिथल्या उत्खननात चिनी मातीची भांडी सापडली आहेत. दंतकथा त्याहून रंगतदार. रक्तबाहू नावाचा आक्रमक जहाजांचा तांडा घेऊन पुरी लुटायला आला. पण जहाजांवरचा केरकचरा वाहत किनाऱ्याला लागला आणि लोक सावध होऊन निघून गेले. रिकामे नगर पाहून तो समुद्रावरच चालून गेला. समुद्र आधी मागे हटला, मग उलटून आला, त्याचे सैन्य बुडाले आणि त्या पाण्याचे सरोवर झाले!

आज त्या पट्टीवर राजहंस नावाच्या किनाऱ्यावर चालता येते. सातपाड्याहून होडीने जायचे. पायांखाली लाल खेकड्यांची पळापळ, एका बाजूला निश्चल पाणी, दुसऱ्या बाजूला लाटांचा गडगडाट.

ताटातली चिल्का

ओडिशात जिला भेकटी म्हणतात, तो आपला जिताडा. अलिबागकरांचा मान वाढवणारी ही मासळी आयुष्य नर म्हणून सुरू करते आणि मोठी झाली की मादी होते. खइंगा म्हणजे आपली बोय. ती अंडी घालायला समुद्रात जाते आणि पिल्ले सरोवरात परततात. समुद्राचे मुख उघडे राहणे का गरजेचे, ते या एका माशावरून कळते. खेकडे आणि कोळंबी हवी तेवढी. मोहरी वाटून केलेले मासळीचे बेसर कोकणी जिभेला आधी परके वाटेल, दुसऱ्या घासाला आवडेल.

जाण्याआधी

पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. डॉल्फिन बारमाही. हावडा–चेन्नई लोहमार्ग सरोवराच्या पश्चिम काठाने जातो. दिवसाउजेडी धावणारी गाडी मिळाली तर रंभा ते बालुगाव या टप्प्यात भुवनेश्वरकडे जाताना उजव्या खिडकीशी बसा. सातपाड्याहून जान्हीकुदाला गाड्या चढवणारी बोट आहे, तिने लांबचा वळसा वाचतो. समुद्रमुखाजवळच्या वाळूवर कुणी शिंपला फोडून 'अस्सल मोती' काढून दाखवील, घेऊ नका. मार्चच्या सुमारास गेलात तर दक्षिणेला ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी चौकशी करा. वेळासला आपण ज्यांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहतो, त्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या तिथे हजारोंनी एकाच वेळी अंडी घालायला येतात. पण दरवर्षी हे साधेलच असे नाही, काही वर्षी त्या येतही नाहीत.

बहुतेक सहली पुरी आणि कोणार्क करून चिल्काला अर्धा दिवस देतात, तोही मोटारबोटीत. तुम्ही दोन पूर्ण दिवस द्या, त्यातली एक सकाळ मंगलाजोडीला राखून ठेवा, आणि होडी गावच्या समितीच्या लोकांकडूनच घ्या. पक्षी राखण्याचा मोबदला त्यांना तिथूनच मिळतो.